मुलांची अन्नाची ॲलर्जी: काय ओळखायचं, काय बंद करायचं आणि काय उगाच बंद करायचं नाही (नाशिक)

गोदाकाठ

आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांच्या हातात हल्ली एक रंगीत अहवाल असतो. शंभर-दोनशे पदार्थांची यादी, आणि दूध, गहू, तांदूळ, केळं, शेंगदाणा, बटाटा अशा निम्म्या नावांपुढे लाल पट्ट्या. त्या अहवालावरून घरात पोळी बंद, दूध बंद, डाळ बंद होते आणि सहा महिन्यांत मुलाचं वजन घसरतं. दुसरीकडे ज्या मुलाला काजूच्या एका घासाने धाप लागलेली आहे, त्याच्या घरी सेटिरिझिन या खाज-पुरळावरच्या औषधाच्या बाटलीपलीकडे काहीच नसतं. हे दोन्ही थांबावं म्हणून हा धागा. बालरोगतज्ज्ञ, औषध दुकानदार, शिक्षक, फरसाणवाले, ज्यांना नेमकी माहिती आहे त्यांनी कृपया भर घालावी.

सुरुवात मी करते. ‘याला दुधाचं वावडं आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यामागे चार वेगळे आजार असू शकतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत.

पहिली, लगेच उठणारी ॲलर्जी. शरीराने त्या पदार्थातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार केलेली असतात. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी, खोकला, घरघर सुरू होते. पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा तेच होतं. जिवाला धोका असतो तो मुख्यतः याच प्रकारात.

दुसरी, उशिराने दिसणारी. फक्त अंगावर पिणाऱ्या, एरवी हसऱ्या-खेळत्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात, ते बहुधा आईच्या आहारातल्या दुधामुळे. याच गटातला एक आजार फसवा आहे: पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ एकामागून एक उलट्या करतं, पांढरं पडतं, मलूल होतं. गांधी नाहीत, ताप नाही. दूध, सोया आणि चक्क तांदळाच्या पेजेनेही हे होतं. गॅस्ट्रो समजून सलाइन लावलं जातं, बाळ बरं होतं आणि पुढच्या आठवड्यात पेज दिली की पुन्हा तेच.

तिसरं, दुधातली साखर न पचणं. ही ॲलर्जी नव्हेच. जुलाबानंतर आतड्याच्या अस्तरातलं, ही साखर पचवणारं लॅक्टेज कमी होतं, म्हणून दोन-चार आठवडे दूध प्यायलं की पोट फुगतं, शी आंबट वासाची होते. दही बहुतेक वेळा चालतं. अस्तर भरून आलं की दूध पुन्हा सुरू करायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

चौथा सिलिॲक. गव्हाच्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा. याचीही खूण पटकन उठणारी गांध नाही. वाढ खुंटणं, न हटणारा रक्तक्षय, जुलाब किंवा उलट बद्धकोष्ठ. इथे एक सूचना ठळक: रक्ततपासणीआधी गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर या तपासणीत मोजली जाणारी टीटीजी प्रतिपिंडं उतरतात, तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येते आणि मग निदानासाठी मुलाला पुन्हा आठवडेच्या आठवडे गहू खायला लावावा लागतो.

बाळलेणं

ताई, नेमका प्रश्न. बाळ साडेपाच महिन्यांचं, गालांवर आणि कोपरांच्या लवणीत एक्झिमा (कोरडी, खाजरी, लाल त्वचा). घरात मोठ्यांचं म्हणणं शेंगदाणा आणि अंडं तीन वर्षांपर्यंत नको. डॉक्टर म्हणतात लवकर सुरू करा. कोणाचं ऐकायचं, आणि द्यायचं तर कसं?

त्र्यंबकरोड

डॉक्टरांचं. तीन वर्षं थांबा हा सल्ला घरच्यांनी मनाने काढलेला नाही. २००० च्या सुमारास जास्त धोक्याच्या बाळांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा शेंगदाण्याबाबत तोच सल्ला होता (अंड्याला दोन वर्षं) आणि आपल्याकडेही तो पसरला. पुढे तो मागे घेतला गेला. २०१५ मध्ये लंडनच्या गिडिअन लॅक यांच्या गटाचा ‘लीप’ हा अभ्यास आला. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, सगळी जास्त धोक्याची, म्हणजे तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात दिला नाही. पाचव्या वर्षी टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. उशीर केल्याने संरक्षण मिळत नाही, उलट धोका वाढतो.

तुमच्या बाळाच्या बाबतीत मात्र एक पायरी आधी आहे. एक्झिमा सौम्य असेल, साध्या मलमाने आटोक्यात असेल, तर सहाव्या महिन्याच्या आसपास, मान सावरून बसायला लागल्यावर, घरीच सुरू करता येतं. एक्झिमा तीव्र असेल किंवा अंड्याने आधीच गांधी उठलेल्या असतील, तर पहिला घास देण्याआधी डॉक्टरांकडून त्वचेची तपासणी करून घ्या. पण त्या तपासणीच्या नावाखाली वर्ष उलटू देऊ नका. चार महिन्यांच्या आत मात्र काहीच वरचं द्यायचं नाही, आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

गोदाकाठ

कसं द्यायचं ते मी सांगते. शेंगदाणे नीट भाजा, सालं काढा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्या. पावसाळ्यात हे विशेष पाहायचं, कारण अफ्लाटॉक्सिन भाजण्याने जात नाही. मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवा. चटणीतला भरड कूट बाळाला चालत नाही, एकही कण दाताखाली येता कामा नये.

पहिल्या दिवशी पाव चमचा, कोमट पाण्यात किंवा पेजेत पातळ करून. चमच्याच्या टोकाने थोडं द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, काही झालं नाही तर उरलेलं सावकाश द्या. पुढचे दोन तास बाळाकडे लक्ष असावं. म्हणून हे सकाळी करायचं, बाळ ठणठणीत असताना, सर्दी-ताप किंवा लस याच्या दिवशी नाही, आणि रात्री झोपण्याआधी तर कधीच नाही. सहन झालं की हळूहळू वाढवत एका वेळी सुमारे दोन ग्रॅम प्रथिनांपर्यंत जायचं. म्हणजे साधारण आठ ग्रॅम दाणे, सपाट तीन छोटे चमचे कूट. आठवड्यातून दोन-तीनदा. एकदा देऊन महिनाभर विसरलं तर उपयोग नाही, सातत्य हाच यातला गाभा आहे.

अंडं पूर्ण उकडलेलं, बलक आणि पांढरं दोन्ही, कुस्करून. हाफ फ्राय नाही. दोन नवे पदार्थ एकाच दिवशी देऊ नका.

टोमॅटो, संत्रं, अननस लागून तोंडाभोवती जी लाली येते, ती बहुतेक वेळा आंबट रसाची नुसती चुरचुर असते. अर्ध्या तासात जाते आणि दुसरीकडे कुठे पुरळ नसतं. खायच्या आधी ओठांभोवती व्हॅसलीन लावून पाहा.

सिन्नरफाटा

अनुमोदन आहे, पण एका गोष्टीवर ठाम राहायला हवं. शेंगदाणा लवकर द्या असं लिहिलं की कोणीतरी अख्खा दाणा बाळाच्या हातात देतं. श्वासनलिकेत अडकलेला दाणा दुर्बिणीने काढावा लागणं हा मुलांच्या वॉर्डातला नेहमीचा प्रसंग आहे. जुन्या लोकांची भीती निराधार नाही.

त्र्यंबकरोड

बरोबर. पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा, काजू, फुटाणा, चिवड्यातले डाळं-दाणे काही नाही. भीती दाण्याच्या आकाराची असावी, शेंगदाण्याची नव्हे.

गोदाकाठ

एक्झिमाचा विषय निघालाच आहे तर हे लिहिणं फार गरजेचं वाटतं. अन्न पोटातून गेलं तर शरीर सहसा ते सहन करायला शिकतं. तेच प्रथिन फुटलेल्या, कोरड्या, खाजऱ्या त्वचेतून आत शिरलं तर ॲलर्जी शिकण्याची शक्यता वाढते. आता आपल्या घरातली बाळाची अंघोळ आठवा. हरभरा डाळीचं पीठ, दूध, साय, मसूर डाळ, बदामाचं उगाळण, घाण्याच्या शेंगदाणा तेलाचं मालिश. निरोगी कातडीवर याने बहुतेकांना काही होत नाही. पण एक्झिमा असलेल्या बाळाच्या ओरबाडलेल्या गालावर बेसन आणि दूध चोळणं थांबवाच.

जपानमध्ये गव्हाचं विघटित प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण खूप खपला होता. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना, जे आयुष्यभर गहू खात आले होते त्यांना, गव्हाची ॲलर्जी झाली आणि २०११ मध्ये तो बाजारातून परत मागवावा लागला. त्वचेची वाट किती जोरकस आहे ते यावरून कळतं.

मग करायचं काय? कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ, सौम्य बिनवासाचं साबणविरहित क्लीन्झर, अंग टिपून तीन मिनिटांच्या आत जाडसर मॉइश्चरायझर, दिवसातून किमान दोनदा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी आणि गार असते, तेव्हा तीनदा. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम दिलं असेल तर भीतीने नखभर लावून सोडू नका. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावणारी मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते, त्या मापाने लावा.

बाळलेणं

धन्यवाद ताई, डॉक्टर. डाळीचं पीठ आजपासून बंद. तपासणी नेमकी कोणती करायला सांगू?

त्र्यंबकरोड

तपासणीचं नाव सांगण्याआधी डॉक्टरांना वेळापत्रक सांगा: काय खाल्लं, किती, कच्चं की शिजलेलं, किती मिनिटांनी काय झालं, किती वेळ टिकलं, त्या दिवशी ताप किंवा एखादं वेदनाशामक औषध होतं का, तोच पदार्थ आधी-नंतर खाल्ला तेव्हा काय झालं. पुरळाचा फोटो काढून ठेवा. निदानाचा मोठा भाग इथेच होतो, तपासणी फक्त संशय पक्का किंवा कच्चा करते.

त्वचेची प्रिक टेस्ट: हातावर थेंब, त्यातून बारीक टोच, १५ ते २० मिनिटांनी फोडाचं माप. नुसत्या मीठपाण्याच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठा फोड म्हणजे ‘पॉझिटिव्ह’. आधी पाच-सात दिवस सेटिरिझिनसारखी औषधं बंद लागतात, सर्दीच्या सिरपातली सुद्धा. रक्तातली विशिष्ट आयजीई ०.३५ युनिटांच्या वर गेली की अहवालात पॉझिटिव्ह छापून येते.

आता मुद्दा. या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या म्हणजे शरीराने तो पदार्थ ‘ओळखला’ आहे, इतकंच. तो खाऊन त्रास होईलच असं नाही. जो पदार्थ मूल रोज मजेत खातं, त्याची तपासणी करूच नये. नुसत्या अहवालावरून तो बंद केला, तर एक्झिमाच्या मुलांमध्ये याहून वाईट घडू शकतं: रोजच्या खाण्याने टिकलेली सहनशक्ती महिन्यांच्या खंडाने जाते आणि तोच पदार्थ पुन्हा दिला की पहिल्यांदाच तीव्र रिॲक्शन येते. दुधाच्या बाबतीत हे नोंदलं गेलेलं आहे. लाल पट्ट्यांचा अहवाल इतका घातक का, याचं उत्तर हे आहे.

तो अहवाल बहुधा आयजीजी प्रतिपिंडांचा असतो. आयजीजी म्हणजे मूल तो पदार्थ खातं याची नोंद. भात खाणाऱ्या मुलाच्या रक्तात भाताची आयजीजी असणारच. ॲलर्जीवर काम करणाऱ्या जगातल्या प्रमुख संघटनांनी ही तपासणी निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. केसाची तपासणी, नाडीला यंत्र लावून केलेली तपासणी, यांनाही आधार नाही. एकूण आयजीई वाढलेली असणं हाही पुरावा नाही, जंत आणि दमा या दोन्हींत ती वाढते.

शेवटचा शब्द असतो तो रुग्णालयात देखरेखीखाली पदार्थ खाऊ घालून पाहण्याचा. अगदी कणभरापासून सुरुवात, दर २०-३० मिनिटांनी वाढवत वयाच्या मानाने पूर्ण वाटीपर्यंत, नंतर किमान दोन तास थांबणं. अर्धा दिवस जातो. जिथे ॲड्रेनॅलिन (तीव्र रिॲक्शनवरचं तातडीचं इंजेक्शन) भरून तयार आहे आणि मुलांचा अतिदक्षता विभाग हाकेवर आहे अशाच ठिकाणी करायचं. तात्पर्य, बाळलेणं ताई, तुम्ही शेंगदाणा आणि अंडं या दोनचीच प्रिक टेस्ट मागा. वीस पदार्थांचं पॅनेल नको.

रविवारकारंजा

मी धंद्याच्या बाजूने लिहितो. फरसाण, मिठाई बनवणाऱ्याला जे माहीत असतं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

एका कढईत शेव, गाठी, पापडी, बटाट्याचे वेफर, शेंगदाणे सगळं तळलं जातं, तेल तेच, झारा तोच. म्हणून बेसनाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ‘नुसते वेफर’ चालतील हे गृहीत धरू नका. मिसळीत फरसाण उघड दिसतं, पण कटाच्या वाटणात खोबरं, तीळ, खसखस, कुठे काजू तर कुठे दाण्याचा कूट असतो, दर दुकानाचा मसाला वेगळा. हॉटेलातली पनीरची ग्रेव्ही बहुतेक काजू आणि मगजबीवर दाट केलेली असते. ‘काजू नाही ना?’ विचाराल तर वेटर वर काजू घालत नाही म्हणून नाही म्हणतो. ‘ग्रेव्ही कशाने दाट केली आहे, आचाऱ्याला विचारून या’ असं विचारा.

स्वस्त काजूकतलीत शेंगदाणा मिसळतात. मिठाईवरचे हिरवे काप पिस्त्याचेच असतात असं नाही, रंगवलेले शेंगदाणेही असतात. सुटी मिठाई शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला नकोच.

डबीतला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक असेल तर डबीवर ‘गहू’ लिहिलंय का बघा.

तेलाचं सांगतो. रिफाइंड शेंगदाणा तेलातून प्रथिन जवळजवळ सगळं निघून गेलेलं असतं. लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं, तळाशी बसणारा गाळ तोच. ॲलर्जी असेल तर घाण्याचं तेल चालत नाही.

गोदाकाठ

दादा, हे सोन्यासारखं आहे. लेबलविषयी जोडते. भारतात पाकिटावर ज्यांची ॲलर्जीची सूचना द्यावीच लागते त्यात आहेत ग्लुटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा व कठीण कवचाची फळं (काजू, बदाम वगैरे), सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. तीळ या यादीत नाही. हरभरा, मसूर, खोबरंही नाही. म्हणून तिळाची ॲलर्जी असेल तर सूचनेवर विसंबू नका, घटकांची यादी पूर्ण वाचा. भाकरी, चकली, बन, मसाले, संक्रांतीच्या आसपास तर सगळीकडेच तीळ.

दुधासाठी केसिन, व्हे, मिल्क सॉलिड्स हे शब्द शोधा. हिरवा ठिपका म्हणजे दूधविरहित नव्हे. एगलेस केकमध्ये बहुधा कंडेन्स्ड मिल्क असतं. मल्टिग्रेन आट्यात सोया असतो. पाकीट नेहमीचंच असलं तरी दर खरेदीला वाचा, घटक न सांगता बदलतात. तुपातही दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो. दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या वरणभातावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तूप नको. देवळातलं पंचामृतही यातच धरा, पळीभर दूध-दही हा पुरेसा डोस आहे.

पाश्चात्त्य याद्यांत हरभरा दिसत नाही, पण आपल्याकडे त्याची ॲलर्जी दिसते. हरभऱ्याची असलेल्या मुलाला मसूर आणि वाटाण्यानेही त्रास होण्याची शक्यता बरीच असते. काही मुलांना डाळ उकळतानाच्या वाफेनेही घरघर लागते, तेव्हा कुकर उघडताना मूल स्वयंपाकघरात नको. उलट शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तूर-मूग चालतात. सगळी कडधान्यं बंद करण्याचं कारण नाही. काजू आणि पिस्ता मात्र जोडीने जातात.

देवळालीकर

बकरीचं दूध चालतं का? इकडे गाईऐवजी तेच देतात.

त्र्यंबकरोड

नाही. गाय, म्हैस, बकरी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ मुलांना बकरीच्या दुधानेही त्रास होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला अंगावरचं दूध पुरत नसेल तर पूर्ण विघटित प्रथिनांचा फॉर्म्युला (बाळांसाठीची दुधाची खास पावडर), तीव्र असेल तर अमिनो ॲसिडचा. सहा महिन्यांनंतर सोया फॉर्म्युलाचा विचार करता येतो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्त असेल तर आईने दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून पाहायचं, आणि फरक पडला तरी पुन्हा सुरू करून पाहायचं. पुन्हा त्रास झाला तरच निदान पक्कं. ही दुसरी पायरी वगळली की आई वर्षभर विनाकारण दुधाविना राहते.

गोदाकाठ

आणि दूध बंद असेल तितके दिवस त्याची जागा भरायची. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ३० ग्रॅम नाचणीच्या पिठातून शंभरेक मिलिग्रॅम मिळतं, त्यातलंही सगळं शोषलं जात नाही. सत्त्वाची एक वाटी म्हणजे दुधाचा पर्याय झाला असं नाही. तीळ, राजगिरा, सोया, गरज असेल तर डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. बदामाचं किंवा ओटचं पेय दुधासारखं पांढरं दिसतं, पण त्यात प्रथिन फारच कमी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मुख्य दूध म्हणून देऊ नका.

औषधाची_पेटी

आता खऱ्या आणीबाणीचं. पुरळ एकटंच असेल, मूल खेळतंय, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या डोसमध्ये सेटिरिझिन ठीक. पण खोकला, घरघर, आवाज घोगरा होणं, जीभ सुजणं, गिळता न येणं, पांढरं पडणं, अंग ढिलं सोडणं यातलं एकही आलं, किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. तिथे औषध एकच, ॲड्रेनॅलिन, स्नायूत, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध.

इथे वेळ कसा जातो ते पाहिलेलं आहे. ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात, मग सिरप, मग दवाखान्यात फेनिरामीन आणि हायड्रोकॉर्टिझोन. ही दोन्ही इंजेक्शनं खाज आणि पुरळ कमी करतात. सुजलेली श्वासनलिका आणि कोसळणारा रक्तदाब ती वेळेत सावरत नाहीत. फेनिरामीनची गुंगी आली की मूल शांत झालं की बेशुद्ध होतंय हे कळत नाही.

डोस: वजनाच्या किलोला ०.०१ मिलिग्रॅम. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या ॲम्प्युलमधून १० किलोच्या बाळाला ०.१ मिलिलिटर, १५ किलोला ०.१५, २० किलोला ०.२, ३० किलो आणि वर ०.३. पाच ते पंधरा मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस.

परदेशात मिळणारं पेनासारखं तयार इंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून काही डॉक्टर धोक्याच्या मुलांच्या पालकांना ॲम्प्युल आणि सिरिंज लिहून देतात, हाताला वळण लावूनच. चुका होतात त्या अशा. इन्सुलिनची सिरिंज घेतात. तिची सुई आखूड, औषध चरबीत राहतं. १ मिलिलिटरची सिरिंज आणि सुमारे इंचभर लांब सुई हवी. ॲम्प्युलचं नाव नीट वाचत नाहीत. नॉरॲड्रेनॅलिन वेगळं औषध आहे आणि दुकानात ते शेजारीच ठेवलेलं असू शकतं. ॲम्प्युल गाडीच्या कप्प्यात ठेवतात. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. औषध २५ अंशांखाली, उजेडापासून लांब, खोक्यातच हवं. गुलाबी किंवा तपकिरी झाक आली की फेकायचं. डॉक्टर सिरिंज भरून देत असतील तर किती आठवड्यांनी बदलायची ते लेखी घ्या.

इंजेक्शननंतर मूल आडवं, पाय उंच. धाप असेल तर बसतं, उलट्या असतील तर कुशीवर. उभं करू नका, कडेवर सरळ धरून धावू नका, अचानक उभं केल्याने रक्तदाब कोसळतो. दुसऱ्याने १०८ लावायचा आणि ‘ॲलर्जी, श्वासाचा त्रास’ हेच शब्द सांगायचे.

सिन्नरफाटा

पालकांच्या हातात ॲम्प्युल देणं मला अजूनही जोखमीचं वाटतं. काच फोडणं, मोजणं, हवा काढणं, थरथरत्या हातांनी. दहापट डोस जाऊ शकतो.

औषधाची_पेटी

म्हणूनच सरसकट नाही. रुग्णालय दहा मिनिटांवर असलेल्या गंगापूर रोडच्या घराचं गणित वेगळं, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या घराचं वेगळं. पण डोसची चूक टाळता येते: मुलाच्या वजनाची रेघ सिरिंजवर आधीच न पुसणाऱ्या पेनाने आखून ठेवा, मीठपाण्याच्या ॲम्प्युलवर दर महिन्याला सराव करा, वजन वाढलं की रेघ बदला. इंजेक्शन द्यायला उशीर होणं हे ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंमागचं वारंवार दिसणारं कारण आहे.

सातपूर_शाळा

शाळेत काय हवं ते थोडक्यात. एक पानी मराठी योजना, मुलाच्या फोटोसह: कशाची ॲलर्जी, कोणती लक्षणं, कोणतं औषध कुठे, कोणाला फोन. वर्गात, ऑफिसात आणि व्हॅनच्या काकांकडे प्रत. ‘डबा वाटून खा’ ही आपली सवय चांगली असली तरी या मुलाचा डबा वेगळा, हे वर्गाला सरळ सांगायचं. मुलं समजून घेतात. शनिवार, चतुर्थी, श्रावणात साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू डब्यात असतात, त्या दिवशी खाण्यानंतर सगळ्यांचे हात साबणाने. सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही. मूल घाबरून एकटंच बाथरूमकडे गेलं तर त्याच्यामागे मोठ्या माणसाने गेलंच पाहिजे. आणि त्या मुलाला कोपऱ्यात एकटं बसवायचं नाही. शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने ॲनाफिलॅक्सिस होत नाही, धोका खाण्याचा आहे.

मोठ्या मुलांच्या खेळाच्या शिक्षकांसाठी: पोळीभाजी खाऊन लगेच कबड्डी खेळल्यावरच गांधी आणि चक्कर येत असेल, एरवी गहू चालत असेल, तर गहू आणि व्यायाम एकत्र आले तरच उठणारा असा एक प्रकार असतो. अशा मुलाला गहू खाल्ल्यावर चार तास खेळ नको.

देवळालीकर

बांगडा खाऊन घरातल्या तिघांचे चेहरे लाल, डोकं ठणकलं. तिघांना एकदम ॲलर्जी?

त्र्यंबकरोड

एकदम तिघांना म्हणजे जवळजवळ नक्की हिस्टामिनची विषबाधा. बांगडा, टूना, सुरमई बर्फाविना राहिले की जिवाणू माशात हिस्टामिन तयार करतात, आणि ते शिजवल्याने जात नाही. मासा घाट चढून नाशिकला येतो, म्हणून बर्फात असलेलाच घ्या. एका वेळी अनेकांना त्रास ही याची खूण. पुढच्या वेळी ताजा मासा चालेल, मुलावर माशाच्या ॲलर्जीचा शिक्का मारू नका. वांग्याने जिभेला खाज हेही बऱ्याचदा असंच. वांग्यात हिस्टामिन असतं, खरी ॲलर्जीही असते, पण क्वचित.

रविवारकारंजा

बेदाण्याचंही लिहा डॉक्टर. पिवळ्या-हिरव्या बेदाण्याला गंधकाची धुरी असते. काळ्या मनुकांना बहुधा नाही.

त्र्यंबकरोड

हो, सल्फाइटने दमा असलेल्या मुलाला घरघर लागू शकते. ती ॲलर्जी नव्हे, पण दम्याच्या घरात काळी मनुका बरी.

अंड्याच्या ॲलर्जीमुळे गोवर-रुबेलाची लस चुकवणारे पालक अजून भेटतात. ती लस देता येते, फ्लूचीही. नववा आणि सोळावा महिना चुकवू नका.

बाळलेणं

एक शेवटचं. ॲलर्जी निघालीच तर ती कायमची का?

त्र्यंबकरोड

दूध, अंडं, गहू यांची बहुतेकांची शाळेच्या वयापर्यंत किंवा थोडी पुढे जाते. शेंगदाण्याची पाचातल्या एखाद्याची. काजू, तीळ, मासे यांची कमी जणांची. म्हणून दर वर्षी फेरतपासणी. दूध-अंड्याच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना ते मैद्यात घालून १८० अंशांवर अर्धा तास भाजलेल्या केकमध्ये चालतं, साध्या रूपात चालत नाही, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते. ही पायरी जमली की पुढचा रस्ता सोपा होतो, पण पहिला तुकडा रुग्णालयातच. घरी ‘थोडं चाटवून बघू’ नको. दम्याचा पंप नियमित चालू असणं यात फार महत्त्वाचं, कारण आटोक्यात नसलेला दमा असलेल्या मुलांमध्येच रिॲक्शन जास्त गंभीर होते.

वणीच्या गडावर, त्र्यंबकला किंवा गावी निघताना दोन डोस, योजनेचा कागद आणि पंप एकाच पिशवीत, मुलाबरोबर असलेल्या माणसाच्या खांद्यावर, गाडीच्या डिकीत नाही. रिॲक्शन येऊन ॲड्रेनॅलिन द्यावं लागलं आणि मूल अर्ध्या तासात हसायला लागलं, तरी रुग्णालयात किमान चार ते सहा तास थांबा. घर लांब असेल किंवा दोन डोस लागले असतील तर रात्रभर. पहिला जोर ओसरल्यावर काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, ती घाटात गाठू नये. सुटी घेताना तीन गोष्टी कागदावर मागून घ्या: कशाचा संशय आहे, कोणत्या वेळी किती ॲड्रेनॅलिन दिलं, आणि चार ते सहा आठवड्यांनी तपासणीला कुठे यायचं. त्याआधी केलेली त्वचेची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.